कुंडीतल्या झाडांना आपोआप पाणी : घर बंद असतानाही झाडं जगवायची सोय

उन्हाळ्याची सुट्टी लागली, पाहुण्यांकडं लग्न निघालं, दवाखान्यात पेशंटजवळ थांबावं लागलं, नाहीतर आषाढीला वारीला जायचं ठरलं, की घरात एक प्रश्न हमखास निघतो. कुंड्यांना पाणी कोण घालणार? शेजारी सांगून जावं, तर त्यांच्याही मागं त्यांचा व्याप असतो. दोन दिवस विसरतात आणि तिसऱ्या दिवशी भरपाई म्हणून तांब्यावर तांब्या ओततात. परत येईपर्यंत निम्म्या कुंड्या वाळलेल्या आणि निम्म्या कुजलेल्या.

शेतात ठिबक टाकणारा माणूस घरातल्या दहा कुंड्यांसाठी एवढा हताश का व्हावा? तेच तत्त्व इथंही चालतं. काही पद्धतींना तर वीजही लागत नाही आणि घरातल्या वस्तूंतच काम भागतं. मात्र कुठलीही सोय केली, तरी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपोआप पाणी देणाऱ्या यंत्राला झाड कळत नाही. आपण जेवढं ठरवून दिलं तेवढंच पाणी ते देतं. म्हणून आधी मोजमाप, मग जोडणी, मग चाचणी आणि त्यानंतरच कुलूप, हा क्रम मोडू नये.

आधी तीन प्रश्न

सामान आणायला जाण्याआधी या तीन प्रश्नांची उत्तरं काढा.

१. किती दिवस घराबाहेर? तीन-चार दिवस, आठ-दहा दिवस की वारीसारखे अठरा-वीस दिवस?

२. कुंड्या किती आणि कुठं? सगळ्या एका ओळीत ओसरीवर आहेत, की दोन खिडकीत, तीन जिन्यात आणि चार गच्चीवर?

३. वीज किती भरवशाची? तुमच्याकडं दिवसातून चार-सहा तास वीज जात असेल, तर विजेवरच्या पंपावर सगळा भार टाकू नये.

तीन-चार दिवसांचाच प्रश्न असेल, तर बहुतेक घरांना यंत्राची गरजच नसते. निघताना कुंडीच्या तळातून पाणी येईपर्यंत भरपूर पाणी द्यायचं. मातीवर उसाचं पाचट, वाळलेला पाला किंवा नारळाच्या शेंड्या यांचा दोन बोटं थर द्यायचा. मग सगळ्या कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटून ठेवायच्या. एवढ्यावर बरीच झाडं तग धरतात.

पत्र्याचं घर असेल, तर एक काळजी जास्त घ्या. बंद खोलीत दुपारी पत्रा तापला की आतली हवा भट्टीसारखी होते. अशा खोलीत झाडं कोंडण्यापेक्षा ती ओसरीच्या सावलीत, झाडाखाली किंवा मोरीजवळच्या गार कोपऱ्यात ठेवलेली बरी.

झाडाला पाणी किती लागतं, ते मोजा

सगळ्यात जास्त चुकतं ते इथं. घरातली झाडं पाण्यावाचून मरतात तशीच जास्त पाण्यानंही मरतात. माती सतत चिखलासारखी राहिली की मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. वरून पानं मलूल दिसतात, म्हणून माणूस आणखी पाणी घालतो आणि झाड हातचं जातं.

मोजायची पद्धत सोपी आहे. अर्ध्या लिटरची रिकामी बाटली घ्या. माती दोन बोटं खोल कोरडी लागली, की हळूहळू पाणी घाला. तळाच्या भोकातून पहिला थेंब दिसला की थांबा. बाटलीतलं किती संपलं ते लिहून ठेवा. पुन्हा दोन बोटं कोरडी व्हायला किती दिवस लागले, तेही लिहा. पाण्याला दिवसांनी भागलं, की रोजचा हिशेब निघतो. हे मोजमाप ज्या ऋतूत बाहेर जायचं, त्याच ऋतूत करा. एप्रिल-मेमध्ये लागणारं पाणी आणि श्रावणात लागणारं पाणी यांत मोठा फरक असतो.

मोजल्यावर झाडांचे दोन गट करा.

पाणी मागणारी : तुळस, मनी प्लांट, अरेका पाम, फर्न, पुदिना, मिरची. यांची माती साधारण ओलसर राहावी लागते.

कोरडी राहणारी : कोरफड, स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट, निवडुंग, जेड. ही झाडं पानांत, खोडात किंवा गाठीत पाणी साठवतात. घरात सावलीला असतील, तर दहा-पंधरा दिवस पाणी नसलं तरी सहसा बिघडत नाही. यांना आपोआप पाण्याच्या ओळीत घेऊच नका. निघताना एकदा पाणी द्या आणि सोडून द्या.

हा गट वेगळा काढला की निम्मं काम हलकं होतं.

पद्धत १ : वात

दिव्याची वात तेल वर ओढते, तशीच दोरी पाणी ओढते. बादलीत पाणी, दोरीचं एक टोक बादलीच्या तळाशी आणि दुसरं टोक कुंडीच्या मातीत चार बोटं खोल, मुळांजवळ. माती सुकते तशी ती दोरीतून पाणी ओढून घेते.

दोरी कशाची, यावर सगळं अवलंबून आहे. सुती दोरी किंवा जुन्या साडीची पट्टी पाणी छान ओढते, पण मातीत काही आठवड्यांत कुजते. एका सुट्टीपुरती ती चालते. कायमची सोय करायची, तर पाणी शोषणारी नायलॉनची मऊ विणलेली दोरी किंवा ॲक्रिलिक लोकरीचे चार-पाच पदर वळून घ्या. दोरी घेण्याआधी तिचं टोक पाण्यात बुडवून बघा. पाच-दहा मिनिटांत ओल चार बोटं वर चढली नाही, तर ती दोरी कामाची नाही.

आणखी चार गोष्टी सांभाळा :

- दोरी आधी पूर्ण भिजवा आणि कुंडीलाही आधी पाणी द्या. कोरड्या मातीत कोरडी दोरी काम सुरूच करत नाही.
- बादलीतलं पाणी कुंडीच्या मातीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवा. बादली उंच ठेवली, तर दोरीतून पाणी थेंब-थेंब गळत राहील आणि कुंडी भरून वाहील.
- पाणी फार खालीही नको. मातीपासून एक वीतभर खाली असलं की ठीक. त्याहून खाली गेलं की ओढ मंदावते.
- मधली उघडी दोरी उन्हा-वाऱ्यानं सुकते. ती ठिबकच्या जुन्या नळीच्या तुकड्यातून ओवून घ्या आणि बादलीवर झाकण ठेवा.

सहा-आठ इंची कुंडीला एक वात, बारा इंचीला दोन. आठ-दहा दिवसांसाठी बिनविजेची ही सगळ्यात भरवशाची सोय आहे.

पद्धत २ : संक्रांतीचं सुगडं

मातीचा घडा जमिनीत पुरून झाडाला पाणी देण्याची रीत फार जुनी आहे. मटका सिंचन म्हणतात ते हेच. भाजलेल्या मातीला बारीक छिद्रं असतात. बाहेरची माती कोरडी झाली की पाणी झिरपतं, ओली असली की झिरपणं मंदावतं. म्हणजे किती पाणी घ्यायचं, ते काही अंशी मातीच ठरवते.

मोठा घडा कुंडीत मावत नाही, पण संक्रांतीचं सुगडं मावतं. वाणाची सुगडं पुष्कळ घरांत माळ्यावर पडून असतात. रंग किंवा चकाकी न दिलेलं सुगडं निवडा, कारण रंगानं छिद्रं बुजतात. दहा-बारा इंची कुंडीत ते गळ्यापर्यंत पुरा, तोंड तेवढं वर ठेवा, पाणी भरा आणि वर पणती पालथी घाला. पणतीनं पाणी उडत नाही आणि डासही आत शिरत नाहीत.

सुगड्यात पाणी थोडंच मावतं. ते जास्त दिवस पुरवायचं, तर कोंबड्यांना पाणी पाजायच्या भांड्याची युक्ती वापरा. लिटरभराची बाटली पाण्यानं भरून तोंड सुगड्याच्या आत राहील अशी पालथी उभी करा आणि काठीचा आधार द्या. सुगड्यातली पातळी बाटलीच्या तोंडाखाली गेली की बाटलीत हवा शिरते, तेवढंच पाणी खाली येतं आणि पुन्हा थांबतं. सुगडं आधी दोन दिवस भरून बघा. एका दिवसात किती उतरलं, त्यावरून बाटली किती दिवस पुरेल ते कळेल.

बाटली नुसती मातीत पालथी खुपसतात, त्या उपायावर मात्र फार विसंबू नये. माती भुसभुशीत असेल तर ती एका दिवसात रिकामी होते, चिकट असेल तर तोंड चिखलानं बुजतं. दोन-तीन दिवसांपुरतं ठीक.

पद्धत ३ : सलाईनचा सेट

सलाईनच्या नळीला थेंब कमी-जास्त करायची चाकी असते, म्हणून अनेक जण हा सेट रोपांना लावतात. हिशेब असा : साध्या मोठ्या थेंबाच्या सेटमध्ये साधारण २० थेंबांचं १ मिलिलिटर होतं. पाकिटावर हा आकडा छापलेला असतो, तो बघून घ्या.

मिनिटाला २० थेंब सोडले, तर तासाला ६० मिलिलिटर आणि दिवसाला जवळजवळ दीड लिटर पाणी जातं. कुंडीसाठी हे फार झालं. दिवसाला ३०० मिलिलिटर द्यायचं, तर मिनिटाला फक्त ४ थेंब हवेत, म्हणजे साधारण दर १५ सेकंदांनी एक थेंब. दोन लिटरची बाटली या वेगानं सहा-सात दिवस पुरते. बाटलीच्या वरच्या बाजूला हवेसाठी बारीक भोक पाडायला विसरू नका, नाहीतर धार थांबेल.

याची अडचणही सांगायला हवी. इतका मंद थेंब दिवसेंदिवस एकसारखा राहत नाही. बाटलीतलं पाणी उतरलं की थेंबही मंदावतो आणि बारीक कचरा अडकला की बंदच पडतो. म्हणून पाणी कापडातून गाळून घ्या आणि ही पद्धत पाच-सहा दिवसांच्या आत ठेवा.

सेट मेडिकलमधून नवाच घ्या. दवाखान्याच्या मागं टाकलेले वापरलेले सेट उचलून आणू नका. त्यात रक्त आणि सुया असतात, त्यातून आजार घरात येतो. नव्या सेटची सुईही पोरांच्या हाती लागणार नाही अशी आधीच बाजूला करा.

पद्धत ४ : उंचावरचा ड्रम आणि ठिबक

कुंड्या दहा-पंधरा असतील आणि ओसरीवर किंवा गॅलरीत एका ओळीत असतील, तर हीच पद्धत सगळ्यात चांगली. तालुक्याच्या ठिकाणी ठिबकच्या दुकानात सगळं सामान सुटं मिळतं.

लागणारं सामान : झाकणाचा ५० लिटरचा ड्रम, टँक निपल, बंद-चालू करायचा कॉक, छोटा जाळीचा फिल्टर, १६ मिलिमीटरची काळी नळी, ४ मिलिमीटरची बारीक नळी, २ आणि ४ लिटरचे साधे ड्रिपर, एंड कॅप आणि नळीला भोक पाडायचा पंच. आपोआप चालू-बंद व्हायला सेलवर चालणारा नळाचा टायमर.

दाबाचा मुद्दा इथं नीट समजून घ्या, कारण शेतातला अंदाज घरात चुकतो. ड्रिपरवर लिहिलेला ताशी ४ लिटरचा आकडा साधारण १ किलो दाबाला असतो. एवढा दाब यायला पाणी १० मीटर उंच हवं. ड्रम कुंड्यांपेक्षा जेमतेम १ मीटर उंच असेल, तर दाब दहावा हिस्सा मिळतो आणि साध्या ड्रिपरमधून पाणी साधारण तिसरा हिस्सा येतं. म्हणजे ४ लिटरचा ड्रिपर तासाला सव्वा लिटरच्या आसपास देतो. दाब सांभाळणारे पीसी ड्रिपर एवढ्या कमी दाबावर नीट चालत नाहीत. ते शेतासाठीच राहू द्या, घरी साधेच घ्या.

टायमर घेतानाही हेच बघा. काही टायमरच्या आतला पडदा उघडायला पाण्याचा दाब लागतो. ते ड्रमवर उघडतच नाहीत. दुकानदाराला स्पष्ट सांगा, "टाकीवर कमी दाबाला चालणारा, आत बॉल व्हॉल्व्ह असलेला द्या."

आता एका ओसरीचा हिशेब करू. आठ इंची सहा कुंड्या, बारा इंची दोन आणि सहा इंची दोन, अशा दहा कुंड्या आहेत. टायमर रोज पहाटे १२ मिनिटं चालू राहतो.

- आठ इंचीला ४ लिटरचा एक ड्रिपर : साधारण २५० मिलिलिटर. सहा कुंड्यांचे दीड लिटर.
- बारा इंचीला तसे तीन ड्रिपर : साधारण ७५० मिलिलिटर. दोन कुंड्यांचे दीड लिटर.
- सहा इंचीला २ लिटरचा एक ड्रिपर : साधारण १२५ मिलिलिटर. दोन कुंड्यांचे पाव लिटर.

रोजचे झाले सव्वातीन लिटर. दहा दिवसांचे साडेबत्तीस. वर चौथाई जास्तीचं धरलं की ४० लिटर. ५० लिटरच्या ड्रममध्ये हे आरामात बसतं. टँक निपल तळापासून दोन इंच वर बसवा, म्हणजे गाळ खाली राहतो. तळातलं तेवढं पाणी मात्र हिशेबात धरू नका.

हे आकडे अंदाजासाठी आहेत. तुमच्या घरचे खरे आकडे ग्लास सांगेल. प्रत्येक ड्रिपरखाली एकेक ग्लास ठेवा, कॉक १२ मिनिटं उघडा आणि पाणी मोजा. ड्रम पूर्ण भरलेला असताना एकदा आणि निम्मा झाल्यावर एकदा मोजा, कारण पातळी उतरली की दाब कमी होतो. एखाद्या कुंडीत पाणी कमी आलं, तर ड्रिपर वाढवा. सगळीकडंच कमी आलं, तर मिनिटं वाढवा.

कुंड्या शक्यतो एकाच पातळीवर ठेवा. एक जमिनीवर आणि एक खिडकीत असेल, तर कमी दाबात खालच्या कुंडीला जास्त पाणी जातं.

घरावरच्या मोठ्या टाकीला थेट जोडू नका

ही सूचना वेगळी लिहायचं कारण आहे. घरावर हजार लिटरची सिंटेक्सची टाकी तयारच असते, म्हणून तिलाच नळी जोडायचा मोह होतो. पण घर बंद असताना टायमरचा सेल संपला आणि झडप उघडीच राहिली, किंवा उंदरानं नळी कुरतडली, तर सगळी टाकी घरात उतरते. धान्याची पोती, गाद्या, जमिनीवरचे वायरचे बोर्ड, सगळं पाण्यात. शिवाय ज्या गावात नळाला आठ दिवसांनी पाणी येतं किंवा टँकरची वाट बघावी लागते, तिथं हजार लिटर वाया जाणं परवडत नाही.

ड्रम वेगळा असला, की काहीही बिघडलं तरी नुकसान ड्रमभर पाण्याचंच. सुट्टीवर निघताना ड्रमला येणारा नळही बंद करून जा.

पद्धत ५ : पंप आणि टायमर

उंचावर ड्रम ठेवायला जागा नसेल, तर खाली बादली ठेवून छोट्या पंपानं पाणी चढवता येतं. मोबाईलच्या चार्जरवर चालणारे ५ व्होल्टचे पंप दहा-पंधरा कुंड्यांच्या नळ्यांसह तयार संचात मिळतात. घरात तेच वापरावेत.

कूलरचा पंप तयार पडलेला असतो, म्हणून तो लावावासा वाटतो. त्याच्या दोन अडचणी आहेत. पहिली, तो पाणी फार जोरात फेकतो. गोल चकतीच्या साध्या टायमरला बहुतेक वेळा १५ मिनिटांपेक्षा कमी वेळ लावताच येत नाही. तेवढ्यात बादली रिकामी होते आणि कोरडा चाललेला पंप जळतो. दुसरी अडचण विजेच्या धक्क्याची, ती पुढं सांगितली आहे.

वीज जाणाऱ्या गावात टायमर निवडतानाही सांभाळा. चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो आणि तेवढा वेळ मागं पडतो. चार दिवसांत पहाटेचं पाणी भर दुपारी पडायला लागतं. आत स्वतःचा सेल असलेला डिजिटल टायमर वेळ धरून ठेवतो. त्यात पहाटे आणि संध्याकाळी असे दोन वेळा थोडं-थोडं पाणी लावा, म्हणजे एका वेळी वीज नसली तरी दुसरी वेळ साधते. पॉवर बँकेवर पंप चालवायचा विचार असेल, तर आधी दोन दिवस बघा. वीज कमी ओढली जात असेल, तर बऱ्याच पॉवर बँका आपणहून बंद पडतात.

पंप बंद झाल्यावरही पाणी वाहतं, ते का?

बादली कुंड्यांपेक्षा उंच ठेवली आणि पंप एकदा चालला, की नळी पाण्यानं भरते. पंप थांबला तरी पाणी आपोआप खाली वाहत राहतं. गाडीच्या टाकीतून नळीनं पेट्रोल काढतात, तोच हा प्रकार. सकाळपर्यंत बादली रिकामी आणि फरशीवर तळं.

उपाय दोन. बादलीतली पाण्याची पातळी सगळ्या कुंड्यांपेक्षा खालीच ठेवा. आणि नळी बादलीतून वर येते तिथं, पाण्याच्या पातळीच्या वर पण बादलीच्या तोंडाच्या आत, बारीक भोक पाडा. पंप चालू असताना तिथून थोडं पाणी बादलीतच पडेल. बंद झाला की हवा शिरून धार तुटेल.

विजेशी खेळ नको

२३० व्होल्टचा पंप, पाण्याची बादली आणि ओली फरशी एकत्र आली की कधीही घात होऊ शकतो. कूलरला हात लागून माणसं गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. तोच पंप बादलीत टाकला म्हणून धोका कमी होत नाही.

- बादलीत किंवा नळीला हात घालण्याआधी पिन बोर्डातून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.
- तीन पिनांचा प्लग आणि खरोखर चालू असलेलं अर्थिंग हवं. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या.
- घराच्या बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. वीज गळायला लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. साधा एमसीबी हे काम करत नाही.
- बोर्ड बादलीपेक्षा उंच हवा. वायर आधी खाली झोळ देऊन मग बोर्डात न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली पडेल, बोर्डात जाणार नाही.
- पाण्याजवळ टेप गुंडाळलेले जोड नकोत.

बारावी सायन्स किंवा आयटीआयची मुलं ओलाव्याचा सेन्सर लावून पंप चालवायचा प्रयोग करतात. चांगला प्रयोग आहे. दोन उघड्या दांड्यांचा स्वस्त सेन्सर मातीत लवकर गंजतो आणि चुकीचं सांगायला लागतो. कपॅसिटिव्ह प्रकारचा जास्त टिकतो. सेन्सर बिघडला तरी पंप दिवसात ठरावीक मिनिटांपेक्षा जास्त चालणार नाही, अशी मर्यादा प्रोग्रॅममध्ये घातलीच पाहिजे.

साठवलेलं पाणी आणि डेंग्यूचा डास

डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. कुंडीखालची ताटली, उघडी बादली, फटीचा ड्रम ही त्याची आवडती जागा. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणजे आपण घर बंद करून जातो, नेमका तेवढाच काळ.

ड्रमचं तोंड घट्ट झाकणानं किंवा बारीक जाळी बांधून बंद करा. ताटल्या काढून ठेवा, किंवा त्यात वाळू भरा म्हणजे पाणी उघडं राहणार नाही. परत आल्यावर ड्रम नुसता ओतू नका, आतून घासून धुवा. अंडी भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही बरेच महिने जगतात. घरी असताना आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळतो, तो या ड्रमलाही लागू आहे.

बोअरचं खारं पाणी

बोअरच्या जड पाण्यानं ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. शक्य असेल तर ड्रममध्ये पावसाचं किंवा नळाचं पाणी भरा. थर आलेले ड्रिपर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि सकाळी धुवून लावा. महिन्यातून एकदा एंड कॅप काढून नळी फ्लश करा, फिल्टर धुवा. ड्रम आणि नळी काळी किंवा गडद रंगाची घ्या. उजेड आत गेला की शेवाळ धरतं. पाण्यात सतत खत सोडू नका, त्यानंही नळ्या बुजतात.

काळी माती नुसतीच कुंडीत भरली असेल, तर एक अडचण येते. ती सुकली की कडेनं भेगा पडतात आणि थेंबाचं पाणी भेगेतून थेट खाली जातं, मुळं कोरडीच राहतात. मातीत शेणखत आणि कोकोपीट किंवा वाळू मिसळा आणि ड्रिपर कुंडीच्या मधोमध, खोडापासून दोन-तीन बोटांवर ठेवा.

निघण्याआधीचा आठवडा

- सात दिवस आधी जोडणी पूर्ण करा. त्यानंतर हातानं पाणी घालायचं नाही.
- तिसऱ्या दिवशी प्रत्येक कुंडीत बोट घालून बघा. कोरडी असेल तर पाणी वाढवा, चिखल असेल तर कमी करा.
- पाचव्या दिवशी ड्रममधली पातळी खुणेनं मोजा. ठरवलेल्या हिशेबाशी जुळते का बघा.
- सहाव्या दिवशी टायमरमध्ये नवे सेल घाला. जुने अर्धवट सेल नकोत.
- शेवटच्या दिवशी फिल्टर धुवा, ड्रम काठोकाठ भरा, कुंड्यांना एकदा हातानं पाणी द्या, मातीवर पाचट पसरा, झाकण लावा.
- शेजाऱ्यांना किल्ली देऊन जा. रोज पाणी घालायला सांगू नका. "चार दिवसांनी एकदा बघा, पाणी बाहेर वाहतंय का तेवढं सांगा," एवढंच सांगा. हे काम कुणालाही जड वाटत नाही आणि कुणी विसरतही नाही.

वारीसारख्या अठरा-वीस दिवसांच्या प्रवासाला नुसत्या यंत्रावर सोडून जाऊ नये. दहाव्या दिवशी कुणीतरी येऊन ड्रम भरायला हवा. तसं कुणी नसेल, तर पाणी मागणारी दोन-चार झाडं नात्यातल्या घरी ठेवा. कोरडी राहणारी झाडं आपल्या घरात सुखरूप राहतील. बाहेर उघड्यावरची तुळस पावसाळ्यात टायमरवर ठेवू नका. वरून पाऊस आणि खालून ठिबक झालं, तर ती कुजते.

सोय एकदा बसली की घरी असतानाही ती चालू ठेवायला हरकत नाही. तांब्यानं घातलेलं बरंच पाणी कुंडीखालून वाहून जातं, मोजून दिलेलं मुळाशी राहतं. फक्त ऋतू बदलला की टायमरची मिनिटं बदला. जूनमध्ये मे महिन्याएवढं पाणी चालू ठेवलं, तर उन्हाळ्यात जगवलेलं झाड पावसाळ्यात जाईल.